पेरणी पुरुषाच्या अंगातली
(मोखाडा-जव्हार भागातल्या महिला गटांसाठी सामुदायिक रेडिओवरून झालेलं भाषण)

 

आजचा विषय थोडा लाजेचा आहे. पण रेडिओ बारीक करू नका. सासूबाई बसल्या असतील तर बसू द्या. घरधनी ओट्यावर असेल तर त्यालाही आत बोलवा, कारण आज बोलायचं आहे ते त्याच्याच शरीराबद्दल.

एका गटातून प्रश्न आलाय. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. बाईची सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं, भगत झाला, नवस झाला. आता घरात दुसऱ्या बायकोची गोष्ट निघाली आहे. मध्येच आठवडी बाजारात कुणी तरी सांगितलं, की ए व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या की पुरुषाचा धातू वाढतो. नवऱ्यानं पाकीट आणलं. आता ती विचारते, या गोळ्यांनी मूल होईल का?

मी प्रश्न दोनदा वाचला. सोनोग्राफी बाईची, रक्त बाईचं, नवस बाईचा. नवऱ्याच्या नावावर फक्त गोळ्यांचं पाकीट. त्याची तपासणी कुठंच नाही! आपल्या बोलण्यात वांझ बाई असते, वांझ गाय असते, वांझ झाडसुद्धा असतं. वांझ पुरुष असा शब्द कुणाच्या तोंडी मी अजून ऐकलेला नाही. नपुंसक म्हणतात, पण ती वेगळी गोष्ट. संबंध नीट ठेवू शकणाऱ्या, धडधाकट, मिशीला पीळ देणाऱ्या पुरुषाच्या वीर्यातही बीज नसू शकतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. वीर्याचा बहुतेक भाग दुसऱ्या ग्रंथींतला द्रव असतो, अंडगोळीतून येणारा वाटा अगदी थोडा. त्यामुळे वीर्य दाट की पातळ, यावरून बीज आहे की नाही ते कळत नाही. ते सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडच्या कारणाचा काही ना काही वाटा असतो. कधी एकट्या त्याचा, कधी दोघांचा.

आता ए व्हिटॅमिनचं. त्याला आपण अ जीवनसत्त्व म्हणू. बाजारातल्या त्या माणसानं सगळं खोटं सांगितलं, असंही नाही. अ जीवनसत्त्वाचा आणि पुरुषाच्या बीजाचा संबंध खरा आहे. पण तो कसा आहे हे कळलं, तर गोळ्यांवर पैसे घालवायचे की नाही, हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

अंडगोळीच्या आत बारीक दोऱ्यांसारख्या नळ्यांची गुंडाळी असते. एकेका अंडगोळीत अशा शेकडो नळ्या. सगळ्या उलगडून टोकाला टोक लावलं तर शेकडो मीटर लांबी भरेल. या नळीच्या भिंतीला आतून चिकटून मूळ पेशी बसलेल्या असतात. हे आपलं बियाणं, कणगीत राखून ठेवलेल्या नागलीसारखं. शहाणी बाई सगळं बियाणं एकदम काढत नाही, थोडं पेरते आणि थोडं राखते. शरीरही तसंच करतं. मूळ पेशींतल्या काही पुढे जातात, काही राखीव राहतात, म्हणून पुरुषाचं बीज म्हातारपणापर्यंत तयार होत राहतं.

पण बियाणं आपणहून उगवायला लागत नाही. पावसाच्या तोंडावर पावशा ओरडतो, आठवतं? ‘पेरते व्हा, पेरते व्हा.’ तो ओरडला की शेतकऱ्याची पावलं शेताकडे वळतात. अंडगोळीतल्या बियाण्याला अशीच हाक लागते, आणि ती हाक अ जीवनसत्त्वापासून तयार होते.

कशी ते सांगते. पालेभाजीतलं, भोपळ्यातलं, अंड्यातलं अ जीवनसत्त्व पोटातून रक्तात जातं आणि यकृतात, म्हणजे काळजात, साठवलं जातं. हे कोठार भरलेलं असेल तर काही महिने पुरतं. तिथून ते थोडं थोडं रक्तात सोडलं जातं आणि अंडगोळीपर्यंत पोचतं. नळीच्या भिंतीत बियाण्याच्या जोडीला मोठाल्या पेशी असतात. एन्रिको सेर्टोली नावाच्या इटलीतल्या डॉक्टरांनी १८६५ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना सेर्टोली पेशी म्हणतात. आपण दाई म्हणू, कारण त्या वाढत्या बीजाला पोसतात, धरून ठेवतात, त्याची घाण साफ करतात. ही दाई रक्तातलं अ जीवनसत्त्व आत घेते आणि त्याचं रेटिनॉइक आम्ल करते. हेच आम्ल म्हणजे हाक. ते पेशीच्या गाभ्यात जाऊन एका कुलपात किल्लीसारखं बसतं, आणि गाभ्यातली कामं सुरू होतात. बियाणं जागं होतं. पेशी विभागतात, मग त्यांतली ४६ गुणसूत्रं वाटली जाऊन प्रत्येकीत २३ उरतात. बाकीची २३ आईच्या बीजातून यायची असतात ना! त्यानंतर डोकं लांबोळकं होतं, शेपूट फुटतं.

बियाण्यापासून शेपटीच्या बीजापर्यंत साधारण ७४ दिवस लागतात. बाहेर पडून पोहायला शिकायला आणखी पंधरा दिवस धरा. म्हणजे झाले तीन महिने. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हाक नसेल तर काय होतं? १९२५ साली अमेरिकेत वोल्बाक आणि हाउ या दोन शास्त्रज्ञांनी उंदरांना अ जीवनसत्त्व नसलेलं खाणं घालून पाहिलं. डोळे, श्वासाच्या नळ्या, कातडी, सगळीकडे बिघाड झाला, आणि नरांच्या अंडगोळ्या आक्रसल्या. नळ्यांत बीज होईना. पुढच्या संशोधनात दिसलं, की अशा उंदरांत मूळ बियाणं आणि दाया शिल्लक असतात, फक्त सगळं थांबलेलं असतं. अ जीवनसत्त्व परत दिलं की सगळं बियाणं एकदम, एकाच दिवशी पेरल्यासारखं चालू होतं. एरवी असं नसतं. एरवी या नळीत एका ठिकाणी राब, दुसरीकडे लावणी, तिसरीकडे कापणी, अशी बाराही महिने कामं चाललेली असतात.

आता दुसरी गोष्ट, कुडाची. आपल्या घराला कारवीचा कूड असतो, शेणामातीनं लिंपलेला. अंडगोळीच्या नळीतही असा एक कूड आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी युरोपात शास्त्रज्ञांनी जनावरांच्या रक्तात रंग सोडून पाहिला. सारं अंग रंगलं, पण मेंदू आणि अंडगोळीच्या नळ्यांचा आतला भाग कोरा राहिला. तिथं रक्तातलं काहीही सरसकट आत जात नाही. हा कूड दायांनीच बांधलेला असतो. शेजारच्या दाया एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात, की मध्ये फट राहत नाही.

हा कूड कशासाठी? आपल्या रक्तात राखणदार पेशी फिरत असतात. त्या लहानपणीच घरची माणसं ओळखायला शिकतात आणि परका दिसला की मारतात. पण पुरुषाचं बीज तयार व्हायला लागतं वयात आल्यावर. राखणदारांची ओळखपरेड तर कधीच संपलेली. त्यांना हे नवं बीज परकं वाटणार. म्हणून मुलगा वयात येताना हा कूड उभा राहतो आणि बीज त्याच्या आड वाढतं. मार लागला, गाठ झाली, मोठ्या वयात गालगुंड होऊन अंडगोळी सुजली, तर कूड फुटू शकतो. मग काही पुरुषांत शरीर स्वतःच्याच बीजाविरुद्ध उठतं.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढे आहे. बियाणं असतं कुडाच्या बाहेरच्या बाजूला आणि बीज वाढायला हवं आतल्या बाजूला. मग कोवळी पेशी कूड ओलांडते कशी? भोक पाडलं तर राखणदार आत शिरतील. म्हणून दाया काय करतात, आधी त्या पेशीच्या मागे नवा कूड लिंपतात, आणि तो पक्का झाला की पुढचा जुना कूड मोकळा करतात. पेशी आत जाते आणि कूड एक क्षणही उघडा पडत नाही. आपण पावसाळ्याआधी घर शाकारताना इतकं जपून काम करत नाही!

आणि हे कामही अ जीवनसत्त्वाच्या हाकेवर चालतं. नळीच्या ज्या टप्प्यात हाक सगळ्यांत मोठी असते, तिथं तीन कामं एकदम होतात: नवं बियाणं कामाला लागतं, कोवळ्या पेशी कूड ओलांडतात, आणि पिकलेलं बीज दाईच्या हातून सुटतं. उंदरांवरच्या अभ्यासात अ जीवनसत्त्व संपलं की बीज थांबतंच, शिवाय कूडही गळका होतो. १९९३ साली फ्रान्समध्ये हाक ऐकणारं ते कुलूपच नसलेले उंदीर तयार केले गेले. खायला सगळं होतं, पण नर वांझ निघाले.

इथं एक बाजूची गोष्ट सांगते, आपल्या कामाची आहे. १९६१च्या सुमाराला अमेरिकेत ऑरेगॉनच्या तुरुंगातल्या कैद्यांना एक औषध देऊन पाहिलं. बीज जवळजवळ शून्यावर आलं, औषध थांबवल्यावर पुन्हा होऊ लागलं. म्हणजे पुरुषांसाठी पाळणा लांबवणारी गोळी हाती आली असं वाटलं. पण त्या औषधावर दारू प्यायली की माणूस लालेलाल व्हायचा, छातीत धडधड, उलट्या. औषध बाजूला ठेवलं गेलं. ते कशामुळे चालत होतं हे नंतर कळलं. अ जीवनसत्त्वाची हाक तयार करणारं रसायनच ते बंद पाडत होतं, आणि दारू पचवणारं रसायन त्याच घराण्यातलं. आता नवी गोळी येते आहे, वायसीटी-५२९ नावाची. ती हाक ऐकणारं कुलूप झाकते. ब्रिटनमध्ये १६ पुरुषांनी ती घेऊन पाहिली आणि २०२५ साली निकाल छापून आला, की त्रास झाला नाही. ही फक्त पहिली पायरी आहे. पुरुषांचं बीज तिनं थांबतं का, ते अजून तपासायचंय. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात ऑपरेशन करून घेतलेल्या बायका होत्या शंभरात जवळजवळ ३८, आणि पुरुषाच्या नसबंदीवर भिस्त असलेल्या हजारात ३. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असूनही. तेव्हा गोळी आली तरी ती घेणार कोण, हे आपण घरात विचारायला आत्तापासून हरकत नाही.

असो. आपल्या प्रश्नाकडे येऊ. हाक अ जीवनसत्त्वाची आहे, मग गोळ्या जास्त घेतल्या तर बीज जास्त होईल? नाही. पावशा दहा वेळा ओरडला म्हणून शेतात दहापट भात येत नाही. अंडगोळी आपली हाक स्वतः तयार करते, लागेल तेवढीच. नळीभोवतीच्या पेशी तर रक्तातून आलेली तयार हाक मोडूनही टाकतात. पोटापुरतं अ जीवनसत्त्व मिळणाऱ्या पुरुषाला वरून गोळ्या देऊन फायदा नाही. जास्तीचं काळजात साठतं आणि काळजालाच इजा करतं, डोकं दुखतं, केस गळतात. घरात बाई पोटुशी असेल तर तिनं या गोळ्यांना हातही लावू नये, जास्त प्रमाणात त्या बाळाला व्यंग आणतात. पाकीट आणलं असेल तर डॉक्टरांना दाखवा आणि तोवर बंद ठेवा.

आणि उलट बाजूनं, आपल्याकडच्या पुरुषांना मूल होत नाही ते अ जीवनसत्त्व कमी म्हणून, असंही म्हणता येत नाही. उंदरात जे स्वच्छ दिसलं ते माणसात दाखवणं अवघड आहे. माणसाचं कोठार एवढं रिकामं होण्याआधी रातांधळेपणा येतो, डोळे कोरडे पडतात, आजारपणं येतात.

पण आपला भाग आपल्याला माहीत आहे. १९९२ साली वावर-वांगणीत मुलं दगावली, तेव्हापासून जव्हार-मोखाड्याचं नाव कुपोषणाशी जोडलं गेलं. भात, नागली, वरई यांनी पोट भरतं, नागलीत चुनखत भरपूर, पण अ जीवनसत्त्व या तिन्हींत जवळपास नाही. ते येतं पाल्यातून. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, माठ, तेऱ्याचा पाला सगळीकडे असतो. शेवग्याचा पाला तर बाराही महिने. लाल भोपळा, पपई, मे महिन्यात पिकला आंबा. अंडं आणि कलेजी तर थेट कोठारच, मात्र पोटुशीनं कलेजी फार खाऊ नये. अडचण येते दिवाळीनंतर. माणसं भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, नाशिककडे द्राक्षाच्या बागांत जातात. तिथं भात, डाळ, बटाटा, कधी सुकट. हिरवं कुठून आणणार? जाताना शेवग्याचा पाला सावलीत वाळवून, चुरून डब्यात न्या. उन्हात वाळवलात तर अ जीवनसत्त्व बरंच उडून जातं. आणि भाजीला तेलाची फोडणी हवीच. तेलाशिवाय पाल्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. घरचं खुरासणीचं तेल आहे, त्याचे दोन चमचे भाजीत पडू द्या, सगळं विकू नका. हे नवऱ्यासाठी नाही, घरातल्या सगळ्यांसाठी. लहानग्यांना नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, मग पाच वर्षांचं होईपर्यंत दर सहा महिन्यांनी, एकूण नऊ. आशाताईकडे कार्ड दाखवून राहिलेले मोजून घ्या.

बीज बिघडवणाऱ्या इतर गोष्टींचा हिशोबही धरा. अंडगोळी शरीराबाहेर लोंबते ती उगाच नाही, तिला अंगापेक्षा दोन-चार अंश गारवा लागतो. भट्टीची धग, आठवडाभराचा मोठा ताप, तंबाखू, दारू, फवारणीची औषधं, यांनी बीज घटू शकतं. दारू तर काळजातलं अ जीवनसत्त्वाचं कोठारही रिकामं करते. आज सवय सुधारली तर फरक दिसायला मघाशी सांगितलेले तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडून देऊ नका, आणि पंधरा दिवसांत गुण येईल म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता तपासणीचं. एक वर्ष एकत्र राहून, काही न वापरता दिवस गेले नाहीत, तर दोघांनी दाखवायचं. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. नवरा सहा महिने भट्टीवर आणि बाई घरी असेल तर ते महिने मोजू नका. पहिली तपासणी वीर्याची करा, कारण सगळ्यांत स्वस्त तीच आणि सुई टोचावी लागत नाही. त्याआधी दोन ते सात दिवस संबंध नको. नमुना तासाभरात तपासला गेला पाहिजे, म्हणून पोशेऱ्याहून घरी काढून डबीत नेण्यात अर्थ नाही, तिथंच जाऊन द्यायचा. सगळा द्यायचा, सांडला तर तसं सांगायचं. एका मिलिलीटरमध्ये १ कोटी ६० लाखांच्या खाली बीज असेल तर कमी समजतात. पण एका अहवालावर काही ठरवू नका. मधे ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात विचारा, तिथं होत नसेल तर कुठं पाठवतात तेही विचारून घ्या. पुरुषांना जायला लाज वाटते हे मला माहीत आहे. बाईला किती वेळा तपासायला झोपवलं, ते त्यांना एकदा मोजून दाखवा. कागदावर काही निघालं म्हणून तो कमी पुरुष ठरत नाही, हेही त्याच वेळी सांगा. पुष्कळ कारणांवर उपाय आहेत. परळला देशाची प्रजनन आरोग्य संशोधन संस्था आहे, तिचं ग्रामीण केंद्र आपल्याच जिल्ह्यात डहाणूला आहे. हा विषय आपल्यापासून तितका लांब राहिलेला नाही.

शेवटी मुलग्यांच्या आयांसाठी. अंघोळ घालताना बाळाच्या दोन्ही अंडगोळ्या पिशवीत लागतात का, हाताला पाहा. एखादी वरच राहिली असेल तर सहा महिन्यांपर्यंत ती आपण उतरू शकते. नाही उतरली तर डॉक्टरांना दाखवा, ऑपरेशन साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत व्हायला हवं. वर राहिलेली अंडगोळी अंगाच्या गरमीत राहते आणि बियाणं करपतं. मोठा झाल्यावर लग्न करून देताना ते कळून उपयोग नसतो. आणि वयात येणाऱ्या पोराला अचानक एका बाजूच्या अंडगोळीत जोराची कळ आली, उलटी झाली, तर ती पिळली गेलेली असू शकते. हळद लावू नका, सकाळची वाट पाहू नका. सहा तासांत सोडवली तर बहुधा वाचते. रात्र असली तरी १०८ ला फोन लावा, आणि पोराला आजच सांगून ठेवा, की असं दुखलं तर लाजून गप्प बसायचं नाही, आईला उठवायचं.